साडेचार सूत

परभणी जिल्ह्यात जुनी जीप शोधायची असेल तर गावं हिंडावी लागतात. ती असते कडब्याच्या गंजीमागे, मानवत-सेलूकडच्या एखाद्या बंद जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या ढाळजेत रचलेल्या पोत्यांच्या आड, नाहीतर शेतातल्या लिंबाखाली. चाकं रिमपर्यंत मातीत उतरलेली, टपावर मिरच्या वाळत घातलेल्या, स्टीअरिंगला शेळीचं दावं. मालकाला विचारावं, चालू आहे का? तो म्हणतो, ‘उभी हाय.’ किती वर्षांपासून? ‘बाप गेला तव्हापून.’ विकायची का, या प्रश्नाला मात्र लगेच उत्तर येत नाही. तो आधी चहा सांगतो. मग या गाडीतून कोण कोण दवाखान्यात गेलं, कोणाची वरात निघाली, कोणत्या पुरात ती ओढ्यापलीकडून शेवटची आली, हे सगळं सांगून होतं. व्यवहाराचं बोलणं त्यानंतर.

लष्करी घडणीच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या या जुन्या जीपा घ्यायच्या, उघडायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत रस्त्यावर आणायच्या, हे माझं बऱ्याच वर्षांचं वेड आहे. पुण्या-मुंबईत अशा गाड्यांचे संग्राहक आहेत, त्यांची रविवारची संचलनं निघतात, चकाकणारे बंपर आणि कॅनव्हासची नवीकोरी हुडं बघायला गर्दी होते. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण आमच्याकडच्या जीपेला गाव असतं, आणि गाव असलेली गाडी उघडायला घेतली की तिच्यातून फक्त नटबोल्ट निघत नाहीत.

आमच्या भागाची आणि जीपची ओळख सरकारनं करून दिली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. त्या चार-पाच दिवसांच्या गोष्टी सांगताना माझे आजोबा रणगाड्यांपेक्षा जीपांबद्दल जास्त बोलायचे. बिनदाराची, बिनटपाची, शेतातून वाट काढत जाणारी मोटार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पाहिली. पुढे १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना आली, गट पडले, गटाला अधिकारी आला आणि अधिकाऱ्याला जीप आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हापासून ‘बीडीओची जीप’ हे खेड्यातल्या पोरांच्या डोळ्यांसमोरचं सरकारचं रूप. मलेरियाच्या फवारणीवाले जीपेतून आले, देवीची लस टोचणारे आले, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांना युनिसेफनं दिलेल्या जीपा होत्या. ७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या हजेरीपटावर सही करायला साहेब आला तोही जीपेतूनच. जायकवाडीचा डावा कालवा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या भरावावरून दिवसभर पाटबंधारे खात्याच्या जीपा धुरळा उडवत धावायच्या. भोंगा बांधलेली निवडणुकीची जीप तर वेगळी सांगायला नको.

नंतर तीच गाडी लोकांची झाली. एसटी जिथं पोचत नव्हती तिथं काळी-पिवळी पोचली. आत माणसं, मागच्या फळीवर माणसं, टपावर माणसं आणि बोनेटवर कोंबड्यांची पाटी. जिंतूर, गंगाखेड, पालमच्या बाजारादिवशी हे चित्र एका पिढीनं रोज पाहिलं आहे. त्या गाड्यांचे अपघातही पाहिले आहेत. ते विसरून नुसतं गोड गोड लिहिणं बरोबर नाही.

ही गाडी अशी का, हे समजायला १९४० च्या अमेरिकेत जावं लागतं. युरोपात युद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिकन सैन्याला घोड्याची आणि साइडकारच्या मोटरसायकलची जागा घेणारी हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांकडे मागणी गेली, पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावलं आणि २३ सप्टेंबर १९४० ला मुदतीच्या आत गाडी उभी केली. मोठ्या ऑर्डरी मात्र टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडला आणि फोर्डला मिळाल्या, कारण बँटमचा कारखाना लहान होता. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. विलिसच्या जीपेचे बहुतेक सुटे भाग फोर्डच्या जीपेला बसत. हा सगळ्यात मोठा गुण. वाळवंटात पडलेल्या एका गाडीचा एक्सल काढून दुसरीला घालायचा आणि संध्याकाळपर्यंत निघायचं, असा हिशेब धरूनच ती आखलेली होती. तिच्यात लपवलेलं काही नाही. बोनेट उघडलं की इंजिन, इंजिनाच्या भोवती हात फिरेल एवढी जागा, आणि जमिनीवर उताणं पडलं की ट्रान्सफर केसपासून दोन्हीकडे जाणारे दोन शाफ्ट उघडे दिसतात. ज्यानं आयुष्यात मोटार पाहिली नाही त्यालासुद्धा दहा मिनिटांत ताकद कुठून कुठं जाते ते कळतं.

युद्धानंतर अशा कितीतरी जीपा भारतात डिस्पोजलमध्ये निघाल्या. आणि जुन्या जीपा दुरुस्त करून वापरायच्या या कल्पनेनंच स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळाही दिला. १९४८ मध्ये लंडनच्या उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी नूतनीकरण केलेल्या जीपांचा सौदा झाला, पैसे आगाऊ गेले, प्रत्यक्षात १५५ जीपा आल्या आणि त्या सैन्यानं वापरायला नाकारल्या. व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या नावाशी हे प्रकरण कायमचं जोडलं गेलं. जुनी गाडी रंगवून नवी म्हणून खपवणं आणि जुनी गाडी खरोखर नीट करणं यांतलं अंतर मला तरुण मेकॅनिकांना सांगायचं असतं तेव्हा मी हीच हकिकत सांगतो.

देशात जीप बांधायला सुरुवात महिंद्रानं केली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावानं निघालेली ही कंपनी. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. माझगावात सुट्या भागांतून विलिस जीपा जोडल्या जाऊ लागल्या, पुढे एकेक भाग इथंच तयार होऊ लागला. आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसली ती सीजे-३बी, म्हणजे मेकॅनिकांच्या भाषेत ‘हाय बॉनेट’. तिच्या इंजिनात इनलेट वॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट उचलावं लागलं. दिसायला आधीच्या ‘लो बॉनेट’पेक्षा ती अवघडल्यासारखी दिसते, पण मला तीच आवडते. आपल्या सैन्यानं हीच गाडी वर्षानुवर्षं वापरली. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या उसाच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे टिपले ते जीपेवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं.

घ्यायला जाताना काय बघावं? रंग, सीट, टायर सगळं विसरायचं. आधी मागं जाऊन वाकायचं. मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून ताकद उजव्या अंगानं मागं येते. मग पुढच्या जाळीच्या फटी मोजायच्या, युद्धकाळातल्या गाडीला नऊ, नंतरच्या नागरी गाडीला सात. मग चेसिस नंबर. तो तारेच्या ब्रशनं साफ करून त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची; आकडे उमटले तर पुढचं बोलायचं. हरियाणातल्या डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या-नव्या भागांतून उघड्या जीपा बांधून विकायचा मोठा धंदा आहे आणि त्या दिसतात देखण्या. पण नंबर आणि कागद जुळत नसतील तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, हे मी शंभरदा सांगेन.

मला मनापासून सांगायचं आहे ते एका गाडीबद्दल. जिंतूरच्या बाजूला, येलदरीच्या वाटेवरच्या एका गावात ती मिळाली. सैन्यातून निघालेली हाय बॉनेट. मालकांना सगळं गाव तात्या म्हणायचं. त्यांच्या वडलांनी ती घेतलेली, तात्यांनी चालवलेली, मुलांना नको झालेली. भाव ठरला, कागदांवर सह्या झाल्या, सुनेनं गाडीला हळदीकुंकू लावलं. निघताना तात्या एवढंच म्हणाले, “न्या तुम्ही. पर तिचं सोंग करू नका.”

ते वाक्य मी गॅरेजपर्यंत आणलं आणि काम संपेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

गॅरेज परभणीतच, जिंतूर रोडच्या अंगाला. मिस्त्रींना मी चाचा म्हणतो. त्यांचे वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, मीटर गेजवर वाफेची इंजिनं धावायची त्या काळात. पूर्णेचं शेड आणि मानवत-सेलूच्या जिनिंग-प्रेसिंग, या दोन ठिकाणी आमच्या जिल्ह्यातलं लोखंडाचं शहाणपण तयार झालं असं माझं मत आहे. बॉयलर, लेथ, बेअरिंग, पट्टे, शाफ्ट हे सगळं हाताळणारी माणसं तिथून निघाली आणि त्यांच्या पोरांनी रस्त्याकडेला गॅरेजं टाकली. ही माणसं इंचात मोजतात. इंचाचे आठ सूत.

याची किंमत पहिल्याच दिवशी कळते. जीपेचे बोल्ट इंचाचे. आजच्या गॅरेजात पाने मिलिमीटरचे. नऊ सोळांश इंचाच्या बोल्टला चौदाचा पाना बसत नाही आणि पंधराचा ढिला पडतो. चौदा-पंधराचा दुतोंडी पाना घेऊन घाईत जोर लावला की बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी, मग गॅस कटर, आणि साठ वर्षं नीट बसलेला बोल्ट कापून काढावा लागतो. चाचा बोल्टकडे नुसतं बघतात आणि हात मागं करून म्हणतात, “साडेचार सूत.” पोरगं कळकट पेटीतून वडलांच्या वेळचा पाना काढून देतं. तो बसतो तेव्हा किंचितही खडखडत नाही. चाचा आधी रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी बोल्टवर ठेवून देतात, चहा पिऊन येतात, मग पाना लावून उलटा न फिरवता थोडा घट्ट करायच्या दिशेला दाबतात. आतला गंज कर्रकन तुटल्याचा आवाज येतो. मगच उलटा.

पत्रा खरवडायला घेतला तेव्हा रंगाचे पापुद्रे निघाले. वर पांढरा, तो शेवटच्या काळातला. त्याखाली काळा, आणि नंतर बसवलेल्या पत्र्याच्या टपावर पिवळा. म्हणजे मधली काही वर्षं गाडीनं सवारी ओढली. काळ्याखाली राखाडी. तात्यांना फोन करून विचारलं तर ते हसले. विहिरीवरच्या इंजिनखोलीचं दार रंगवून उरलेला तो रंग, वडलांनी स्वतः ब्रशनं मारलेला. ब्रशचे ओरखडे अजून दिसत होते. आणि सगळ्यांत खाली, डॅशबोर्डच्या मागं आणि सीटच्या पेटीत, सैन्याचा हिरवा.

पुण्याहून एक जाणकार गाडी बघायला आले होते. अभ्यासू माणूस, स्वतःच्या हातानं काम करणारा. त्यांचं म्हणणं सरळ होतं: टप कापा, मागं वाढवलेला हातभर पत्रा कापा, डिझेल इंजिन काढून मूळ पेट्रोल इंजिन शोधा, चेसिसवरची ती ओबडधोबड पट्टी काढून नीट वेल्डिंग करा आणि कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करा. मूळ रूप म्हणजे ते. जगभर हीच रीत आहे आणि तिच्यामागं शिस्त आहे हे मला मान्य आहे. तरीही मला ते पटलं नाही.

आधी ती पट्टी. डाव्या बाजूला, मागच्या कमानपाट्याच्या हँगरजवळ चेसिसला कधीतरी तडा गेला होता. ज्यादा माणसं भरल्यानंच गेला असणार. तिथं गावातल्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाची धाव कापून, तापवून, चेसिसच्या अंगाला बसेल अशी वाकवून, गरम रिव्हेट ठोकून बसवली होती. चेसिसला वेल्डिंग केलं की शेजारचं लोखंड कडक होऊन तिथं परत तडा जायची भीती असते. रिव्हेटला तो धोका कमी. मोठ्या ट्रकांच्या चेसिसी म्हणूनच रिव्हेटनं जोडतात. त्या लोहारानं हे पुस्तकात वाचलेलं नसणार. चाचांनी पट्टीच्या कडेला रॉकेल लावलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडू फासला. तडा असता तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ काढून बाहेर आलं असतं. रेघ आली नाही. जुना तडा पट्टीखालीच थांबलेला होता. चाचा पट्टीवर हात फिरवून म्हणाले, “हे काम करणाऱ्याला सलाम. मी हात नाही लावणार.”

मग इंजिन. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि शेतकऱ्याला पेट्रोलची जीप परवडेना. तेव्हा ट्रॅक्टरच्या जातीची डिझेल इंजिनं जीपांत बसू लागली. कंपनीनंही पुढं डिझेल जीपा आणल्या, नंतर प्यूजोचं इंजिन आलं. तात्यांच्या वडलांनी त्याच लाटेत इंजिन बदललं आणि आरसी बुकात तशी नोंद करून घेतली. आता मी पेट्रोल इंजिन आणून बसवायचं ठरवलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, गाडीत मूलभूत बदल करायला परवानगी लागते. म्हणजे कागदानुसार आज या गाडीचं खरं इंजिन डिझेलच आहे. जमिनीवरूनही तेच खरं आहे. ज्या इंजिनानं ती येलदरीच्या पुलावरून, कापसाच्या गाठींखाली, बाळंतिणीला घेऊन जिंतूरच्या दवाखान्यात गेली ते इंजिन उपरं कसं म्हणायचं?

रंगाची तर आणखी गंमत नव्हे, अडचण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. सैन्यातून निघालेल्या गाडीला नागरी मालकाकडं तिचा पहिला रंग देता येत नाही. हा नियम योग्य आहे. सैनिकाच्या गाडीची ओळख बाजारात कुणीही मिरवू नये. हिरव्या रंगाच्या, तारे लावलेल्या, नकली नंबर लिहिलेल्या जीपा मला बघवत नाहीत, कारण त्या गाडीत कधी कुणी तरी जीव धोक्यात घालून बसलेलं असतं.

मग व्हिंटेजचा मार्ग उरतो. २०२१ मध्ये केंद्रानं नियम केले: पन्नास वर्षांवरच्या गाडीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. पण गाडीची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही आणि ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच काढायची. संग्रहालयाच्या दर्जाच्या गाड्यांना हा नियम फार उपकारक आहे. आमच्या जिल्ह्यातली एकही जीप मात्र त्यात बसेल असं मला वाटत नाही, कारण इथं कुणी जीप न बदलता ठेवलीच नाही. बदलली म्हणून तर ती भंगारात गेली नाही. त्यामुळं मी नेहमीच्या नूतनीकरणाचा रस्ता धरतो. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे ६०० चे ५,००० रुपये झाले, वीस वर्षांवरच्यांना ते पुढं आणखी वाढले, वर पर्यावरण कर. जड जातं, पण पासिंग झालेली गाडी पांदणीत घालता येते आणि मला तेच हवं असतं.

या गाडीत काय बदललं आणि काय ठेवलं ते सांगतो. ब्रेक संपूर्ण नवे: मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे सिलिंडर, पाइप, लायनिंग. तिथं जुन्याचा मोह नको. टप काढला, कारण त्याच्या वजनानं गाडी वळणावर झुकायची आणि जुन्या अपघातांची कारणं मला माहीत आहेत. मागचा वाढीव पत्रा ठेवला. धावेची पट्टी ठेवली. इंजिन ठेवलं, बोअर करून, नवे पिस्टन-रिंग टाकून.

सगळ्यांत वेळ पुढच्या एक्सलनं घेतला. तिथल्या दोन गोळ्यांत किंगपिनच्या बेअरिंगवर चाक वळतं आणि बाहेरून नमद्याचं सील असतं. आमची काळी माती भिजली की फुगते, टायर आणि मडगार्डच्या मधे दाबून बसते (म्हणून रुंद टायरची हौस आमच्याकडे कामाची नाही, ६.००-१६ चा अरुंद टायरच बरा) आणि फाटक्या सीलमधून गोळ्यात शिरते. आत ग्रीसमध्ये मिसळली की तिचा खरकागद होतो. गोळा उघडला तेव्हा ग्रीस निघालं नाही, काळा वाळलेला गाळ निघाला, डिझेलनं धुता धुता त्यातून कणसाचं एक कूसही सापडलं. बेअरिंग नवी घातली. आता ती किती घट्ट बसवायची? सैल राहिली तर स्टीअरिंग थरथरतं, जास्त कसली तर चाक वळत नाही. कारखान्याच्या पुस्तकात स्प्रिंगच्या काट्यानं ओढून बघायला सांगितलं आहे. चाचांकडं आहे तो कापूस वेचणीच्या वेळी शेतात वापरतात तो हुकाचा काटा. स्टीअरिंगच्या हाताला हुक अडकवायचा, सावकाश ओढायचं, हलायला लागताना काटा कुठं आहे ते बघायचं, शिमचा एक पातळ पत्रा काढायचा किंवा घालायचा, परत ओढायचं. दुपारभर हे चाललं. डावी-उजवी बाजू सारखी आली तेव्हा चाचांनी काटा खुंटीला लावला.

बाहेरून रंग राखाडी दिला, तात्यांच्या वडलांनी दिला होता तो. पण डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ, वीतभर पत्रा तसाच सोडला. तिथं पांढरा, काळा, राखाडी आणि हिरवा, चारी थर एकाखाली एक खरवडून उघडे ठेवले आणि वरून बिनरंगी लॅकर मारलं. त्या पुणेकर स्नेह्यांना फोटो पाठवला. त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण पुढच्या गाडीची चेसिस उघडताना असल्या जुन्या दुरुस्त्यांचे आधी फोटो काढून ठेवीन, असं ते म्हणाले. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

तात्यांना गाडी दाखवायला नेली. त्यांनी आधी लोहाराची पट्टी आहे का ते वाकून पाहिलं, मग ट्रान्सफर केसचे दोन्ही दांडे ओढून पाहिले, मग बसले. कालव्याच्या कडेनं स्वतः चालवत नेली. लो गिअरला टाकून ओढ्यात उतरवली आणि पलीकडं काढली. मी शेजारी बसलो होतो. सोंगाचा विषय निघाला नाही.

चाचांचं वय झालं आहे आणि ज्यांना सूत कळतं असे मिस्त्री जिल्ह्यात थोडे उरले आहेत, ही माझी खरी काळजी आहे. गाड्या मिळतील, सुटे भागही मिळतील. बोल्टकडे बघून माप सांगणारी नजर विकत मिळणार नाही. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून रस्त्यावरून उतरल्या आणि भंगारात निघाल्या, त्यांत आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या जीपा असतील. त्यातली एखादी आयटीआयच्या शेडमध्ये कायमची उघडी ठेवावी, शेजारी इंचाच्या पान्यांचा संच टांगावा, आणि कृषी विद्यापीठात अवजारं शिकणाऱ्या पोरांनाही ती खोलून परत जोडायला लावावी, असं मला फार वाटतं. चारही चाकांना ताकद कशी जाते हे फळ्यावर चित्र काढून जितकं कळत नाही तितकं त्या दोन शाफ्टांखाली उताणं पडून कळतं. तोवर मी एक वही केली आहे. कुठला बोल्ट किती सुताचा, कुठल्या बेअरिंगला कोणता नंबर, शिम किती, काट्यावर किती ओढ, सगळं चाचा सांगतात तसं लिहून घेतो. आयटीआयची मुलं सुट्टीच्या दिवशी येतात, तीही त्यात लिहितात. एका मुलीनं ट्रान्सफर केसच्या दातांची इतकी स्वच्छ आकृती काढली आहे की चाचांनी ती झेरॉक्स करून भिंतीला लावली.

सध्या गॅरेजात पालमची एक लो बॉनेट आली आहे. मालक तरुण आहे, सोयाबीन आणि हळद करतो, आजोबांची गाडी त्याला प्रदर्शनासाठी नको, शेतात हवी आहे. त्याच्या शेतापर्यंतची पांदण दीड किलोमीटर, पहिल्या पावसानंतर तिथून ट्रॅक्टरसुद्धा वाकडा होऊन निघतो. इंजिन उतरवलं आहे, क्रँक ग्राइंडिंगला गेला आहे, गोळे अजून उघडायचे आहेत. मृगाच्या आधी गाडी मिळाली पाहिजे असं त्यानं बजावून सांगितलं आहे, बियाणं तिच्यातूनच न्यायचं आहे म्हणून.